ॲलर्जी : सकाळपाळी

नाही नाही, तुम्ही बसा, मी सरकतो… बाक काय माझ्या बापाचा आहे? आणि बापाचा असता तरी आज यांनी मला बसू दिलं असतं की नाही, शंकाच आहे! एकवीस वर्षं, तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षं मी या हॉस्पिटलात कामाला आहे. ती समोर तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दिसते ना, निळा पडदा, एक टोक पिनेनं अडकवलेलं? ती माझी खोली. तो पडदा मी लावलाय. ती पिनसुद्धा माझी आहे! आणि आज सकाळी गेटवर कार्ड दाखवलं तर यंत्र म्हणतं, टूँऽऽ! लाल दिवा! आणि तो वॉचमन, तो बघा, आत्ता इकडे बघत नसल्यासारखं बघतोय, तो म्हणाला, "काका, भेटायची वेळ चार ते सहा." काका! काल संध्याकाळी सहा वाजेपर्यंत मी याचा साहेब होतो!

आणि मला नेमकं आजच आत जायचंय हो. चौथ्या मजल्यावर सासूबाई आहेत. ऑपरेशन झालं, टाके सुकले, आज घरी सोडणार. बारापर्यंत खोली रिकामी करायची, पिशव्या उतरवायच्या, आणि बायको वरून तीनदा फोन करून झाली, "अहो, कुठे आहात?" आता काय सांगू? गेटाबाहेर आहे म्हणून? सासूबाई ऐकतायत ना तिथे बसून! त्यांना तर हेच हवंय. पण हे असं उगाच होत नसतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

बायको म्हणते, माझा स्वभावच संशयी. म्हणे, कुलूप लावून तीनदा ओढून बघता. बघतो! कुलपं बनवणारा माणूस स्वतःच्या घराचं कुलूप पाच वेळा ओढत असेल, कारण त्याला आतलं माहीत असतं. मलाही आतलं माहीत आहे. या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये माणसं ठेवायचं काम माझं. माणसं म्हणजे माणसांच्या नोंदी हो. घाबरू नका.

आता ती कशी ठेवतात, ते ऐका, म्हणजे तुम्हालाही संशय येईल. वरच्या बाजूला असतो प्रोग्रॅम. तिथे सगळं कसं घरंदाज! 'व्यक्ती' नावाचा एक क्लास, तो बाप. त्याला तीन लेकरं: रुग्ण, कर्मचारी आणि नातेवाईक. बापाकडे जे आहे, म्हणजे नाव, जन्मतारीख, फोन, ते लेकरांना न मागता मिळतं. ना कोर्ट, ना कचेरी, ना भावाभावांची तोंडं फिरलेली! शिवाय प्रत्येकाचं आपलं आपलं वेगळं. रुग्णाला ॲलर्जी. कर्मचाऱ्याला पाळी, म्हणजे सकाळपाळी की दुपारपाळी. नातेवाइकाला नातं. किती छान, नाही? हे झालं वर. आणि खाली? खाली, जिथे माहिती खरोखर पडून असते, तिथे टेबल. एकच टेबल! सगळं खटलं एका खोलीत! प्रत्येक माणसाची एक ओळ, ओळीत खण, आणि एका खणात त्याचा प्रकार लिहिलेला: हा रुग्ण, हा कर्मचारी. बाकीच्या खणांना खाली वेगळीच नावं. म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवलेला. तोही प्रोग्रॅमच, पण त्याच्याकडे यादी असते. वरून कोणी 'ॲलर्जी' म्हणालं की तो यादीत बघतो आणि खालचा अमुक खण उघडतो.

आता मला सांगा, दोन माणसांच्या मध्ये बोलायला तिसरा ठेवला की काय होतं? लग्न जमवताना बघितलंय ना? मुलगी म्हणते, 'मला हा नवरा अजिबात नको!' आणि मधला येऊन सांगतो, 'मुलगी विचार करून कळवते.' तसाच आमचा दुभाष्या. खाली काय पडलंय ते वर कधी कळत नाही, आणि वर काय चाललंय त्याचा खाली पत्ता नाही. मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय, कुठेतरी पाणी मुरतंय.

त्यात ही खालची नावं ठेवली कोणी? आखूडरावांनी. खरं नाव नाही हो ते, मी ठेवलेलं. माझ्या आधी इथे होते, चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली, मग ते निवृत्त झाले. त्यांना लांब नावांचा तिटकारा. टेबलाच्या खणांना नावं काय दिली? एफ-एक, एफ-दोन, एफ-तीन… अहो, गुरांनासुद्धा यापेक्षा बरी नावं असतात! मी विचारलं होतं तेव्हा, "साहेब, कळणार कसं काय कुठे आहे?" तर म्हणाले, "यादीत." बस! एवढंच! 'यादीत आहे' हेसुद्धा म्हणाले नाहीत.

तर आता सासूबाई. आमच्या सासूबाई म्हणजे याच हॉस्पिटलातल्या मेट्रन. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून जिन्यातून चालल्या की सिस्टरांचे आवाज बारीक होतात. तीस वर्षं सकाळपाळी! सातच्या ठोक्याला वॉर्डात. आणि कॉम्प्युटरवर काडीचा विश्वास नाही. त्यांच्या काळात ज्या पेशंटला जे औषध चालत नाही, ते त्या लाल शाईनं कागदावर लिहून पलंगाच्या डोक्याशी लावायच्या. मी लग्नानंतर एकदा मोठ्या उत्साहानं म्हणालो, "आई, आता कागदाची गरज नाही, सगळं स्क्रीनवर येतं." त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला म्हणाल्या, "हे काय काम करतात गं नक्की?" एकवीस वर्षांची माझी नोकरी, अठरा वर्षांचा माझा संसार, आणि तो प्रश्न अजून तसाच पडून आहे.

महिन्यापूर्वी त्यांच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे. ऑपरेशन करायचं ठरलं. सासूबाईंनी रिसेप्शनवर नाव नोंदवताना खणखणीत आवाजात सांगितलं, "मला पेनिसिलिन चालत नाही. लिहा." त्यांना एकदा दिलं होतं म्हणे तरुणपणी, गळा सुजला, श्वास बंद व्हायची वेळ आली होती. म्हणजे बघा, ही चेष्टेची गोष्ट नाही. रिसेप्शनवरच्या बाईंनी माझ्यासमोर टाइप केलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं: ॲलर्जी, पेनिसिलिन. झालं!

दोन दिवसांनी ऑपरेशनची वेळ ठरून आली. दुपारी दोन. सासूबाई भडकल्या. "पोटाचं ऑपरेशन दुपारी? दिवसभर उपाशी ठेवता म्हातारीला? आठला लावा!" सर्जन बिचारे सौम्य माणूस. म्हणाले, "बाई, मला पण आठच हवे होते. पण तुमच्या नोंदीत आहे ना, तुम्हाला सकाळ चालत नाही." "मला? सकाळ? चालत नाही?" अहो, तीस वर्षं सकाळपाळी केलेली बाई! तो मजला हलला! मी धावत गेलो, स्क्रीन बघितला, आणि तुम्हाला सांगतो, तिथे स्वच्छ अक्षरांत होतं:

ॲलर्जी : सकाळपाळी.

हसू नका. मला तेव्हा घाम फुटला होता. सकाळपाळी आली कुठून हे नंतर… पेनिसिलिन गेलं कुठे?

मी आधी रिसेप्शनच्या बाईंना धरलं. त्या म्हणाल्या, "साहेब, माझ्या मुलीची शपथ, मी पेनिसिलिनच लिहिलं." आता शपथ घेतली म्हणजे संशय वाढतो की कमी होतो? माझा वाढतो! मी स्वतः बसून परत लिहिलं, पेनिसिलिन. वेळ बदलून सकाळी आठ करून घेतली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बघतो तर, सकाळपाळी! परत लिहिलं. तिसऱ्या दिवशी, सकाळपाळी! म्हणजे कोणीतरी रोज येऊन, नेमानं, माझ्या सासूबाईंचं पेनिसिलिन पुसून जातंय! अहो, रात्री कूस बदलत मी यादी काढली, बाईंचं वाकडं कोणाशी? यादी संपेना. तीस वर्षांत त्यांनी ज्यांना ओरडलं ते सगळे आता सीनियर झालेत. कुठेतरी पाणी मुरतंय, मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही झोपा."

झोपतोय कसला! नोंद कुठल्या मशीनवरून बदलते ते बघितलं. आस्थापना विभाग! हेडक्लार्कचं टेबल! आता हा हेडक्लार्क म्हणजे गोगलगाय, पोटात पाय. बोलायला गोड, रजिस्टरं रेघ मारून ठेवणार, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तेव्हाच मला कळायला हवं होतं! दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी त्यांच्या खोलीत प्रिंटर बघायच्या निमित्तानं जाऊन बसलो. प्रिंटर चांगला होता. मी तो उघडला, नीट बसवला, परत उघडला. हेडक्लार्कनी चष्मा पुसला, कॉम्प्युटर लावला, आणि स्वतःशीच च् च् च् केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात साहेब. अहो, कोणीतरी खोडसाळपणा करतंय. तुमच्या सासूबाई, आमच्या मेट्रनबाई, निवृत्तांच्या यादीतून रोज गायब होतात. मी रोज परत घालतो. आणि घालून बघतो तर त्यांच्या पाळीच्या रकान्यात काय असतं माहीत आहे? औषध! हे बघा."

मी बघितलं. पाळी : पेनिसिलिन.

"आता मला सांगा, पेनिसिलिन ही काय पाळी आहे का? मी जुनं रजिस्टर काढतो, खात्री करतो आणि रोज सकाळपाळी लिहितो. निवृत्तांच्या यादीत शेवटची पाळी लागतेच. बाईंचं रेकॉर्ड खराब होता कामा नये हो. त्यांच्यामुळे आम्ही शिस्तीला लागलो." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, शप्पथ सांगतो. आणि मी ज्याला गेले आठ दिवस मनातल्या मनात फासावर चढवत होतो, तो माणूस मला म्हणतो, "पण साहेब, हे करतंय कोण? मला तर रिसेप्शनवरच्या बाईंचा संशय येतो!"

झालं ना लक्षात? दोघं प्रामाणिक! इकडे रिसेप्शननं सासूबाईंना रुग्ण केलं की त्या कर्मचाऱ्यांच्या यादीतून गळायच्या. हेडक्लार्क त्यांना परत कर्मचारी करायचे, पाळी दुरुस्त करायचे. मग रक्त तपासायला, ईसीजीला कोणी फाइल उघडली की त्या परत रुग्ण, आणि पाळी होऊन बसायची ॲलर्जी! एक बाई, एक ओळ, एक खण, आणि दोन सज्जन माणसं रोज एकमेकांचं खोडून नीट करतायत! दुष्ट माणूस परवडला हो. तो निदान कधीतरी रजा घेतो.

पण प्रश्न उरलाच ना. ॲलर्जी आणि पाळी एकाच खणात घातली कोणी? मी दुभाष्याची यादी काढली. अकराशे ओळी. रुग्णाच्या पानावर: ॲलर्जी, एफ-सात. कर्मचाऱ्याच्या पानावर: पाळी, एफ-सात. एकच खण! काय चिकटपणा म्हणायचा हा! खण वाचवले! मला लगेच कळलं, हे आखूडरावांचं काम. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तडक त्यांच्या घरी गेलो.

दारावर पाटी, तीही नुसती आद्याक्षरांची. दार त्यांनीच उघडलं. "या." मी बसलो. "चहा?" मी म्हणालो, हो. त्यांनी आत तोंड करून "ऐ" म्हटलं. वहिनी बाहेर आल्या, म्हणाल्या, "भावजी, चाळीस वर्षं झाली, मला 'ऐ'वरच भागवतात." खिडकीत कुंड्यांची रांग, प्रत्येक कुंडीला चिठ्ठी: क-१, क-२, क-३… मला म्हणायचंय, हा माणूस फुलांनासुद्धा नाव देत नाही! मी चढ्या आवाजात सुरुवात केली, "साहेब, एफ-सातमध्ये तुम्ही दोन गोष्टी कोंबल्या! उद्या एखाद्याचा जीव गेला असता! माझ्या सासूबाईंचा!" त्यांनी नुसता हात पुढे केला. मग म्हणाले, "पान?" मी दोन्ही पानं पुढे केली. रुग्णाच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "माझं." मग कर्मचाऱ्याचं पान माझ्याकडे सरकवलं. "हे?"

मी पान बघितलं. खाली तारीख होती. ते निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षाची.

तुम्हाला सांगतो… मला सगळं आठवलं. मोठ्या साहेबांनी घाईनं सांगितलं होतं, कर्मचाऱ्यांच्या नोंदीत पाळी हवी, आजच्या आज हवी. मी टेबल उघडलं, कर्मचाऱ्यांच्या ओळी काढल्या, एफ-सात बघितला. सगळीकडे रिकामा. असणारच रिकामा! कर्मचाऱ्याला कशाला असेल ॲलर्जी! मी म्हटलं, रिकामा दिसतोय, घेऊन टाकू. आणि घेतला. तेव्हा चाललंसुद्धा, कारण तेव्हा कर्मचारी आजारी पडला तर रुग्ण म्हणून त्याची नवी, वेगळी ओळ व्हायची. ते बंद कोणी केलं? 'एक माणूस, एक ओळ', गेल्या वर्षी मोठ्या साहेबांची घोषणा! फोन आणि जन्मतारीख जुळवून दुहेरी ओळी काढून टाका! काढल्या कोणी? मीच! टाळ्या पण घेतल्या होत्या! आखूडरावांनी कप खाली ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी पूर्ण वाक्य बोलले. "रिकामं दिसतं ते मोकळं नसतं." आणि मग कुंड्यांना पाणी घालायला गेले.

परत येऊन मी मोठ्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, टेबलं वेगळी करतो. बापाचं वेगळं, लेकरांची वेगळी, प्रत्येकाला आपापली खोली. फक्त एक दिवस नोंदणी बंद ठेवावी लागेल. साहेब म्हणाले, "हॉस्पिटल बंद? वेडे झालात? महिनाअखेरीला बघू." आणि ऑपरेशन होतं परवा. मग काय, मी तोंडी बंदोबस्त केला. हेडक्लार्कच्या हातापाया पडलो: दोन दिवस बाई यादीतून गायब राहू देत, हात लावू नका. त्यांनी छातीवर हात ठेवला. "साहेब, शब्द दिला." आणि त्यांनी शब्द पाळला हो! इतका पाळला, की आपला हात चुकून लागू नये म्हणून ऑपरेशनच्या दिवशी रजाच घेतली! त्यांच्या जागी बसवला कोण? त्यांच्याहून प्रामाणिक माणूस. तो साडेसातलाच आला. यादीत एक नाव कमी!

पावणेआठला मी माझ्या खोलीत, चहाचा कप हातात, सहज म्हणून नोंद उघडली. सहज कसली, त्या दिवशीची सोळावी वेळ होती. ॲलर्जी : सकाळपाळी! मी दुरुस्त केली, पण ऑपरेशन थिएटरमध्ये फाइल आधीच छापून गेली असणार! पंधरा मिनिटं! लिफ्ट तळमजल्यावर. मी जिन्यानं पळालो, हे वय, हे गुडघे, तिसऱ्याहून पाचव्या मजल्यावर. थिएटरच्या दारात धापा टाकत उभा. तोंडातून वाक्य निघेना, एकच शब्द, "पेनिसिलिन! पेनिसिलिन!" दारातली सिस्टर म्हणाली, "हो हो, साहेब, आणते!" आणि पळाली! अहो!! मी "नको!" म्हणेपर्यंत ती कोपऱ्यावरून वळली होती! खोटं कशाला बोलू, मी भिंतीला धरून खाली बसलो. बाईंशी माझं कधी पटलं नाही, पण लग्नाच्या पहिल्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा रात्री दोन-दोनदा उठून ताप बघणारी तीच बाई होती. नुसता थर्मामीटर झटकायच्या. आणि मी त्यांना एका खणात घालून मारलं होतं.

एवढ्यात आतून आवाज आला. "कोण ओरडतंय बाहेर? जावईबापू आहेत का? आत घ्या त्यांना, धाप लागलीय." मी दारातून डोकावलो. सासूबाई स्ट्रेचरवर, हिरव्या गाउनमध्ये, शांत. आणि छातीवर चिकटपट्टीनं लावलेला केवढा तरी कागद. लाल शाई. ठसठशीत अक्षर.

पेनिसिलिन चालत नाही.

आणि खाली दुसरी ओळ: स्क्रीन वाचू नये.

सर्जन म्हणाले, "आम्ही फाइल उघडलीच नाही साहेब. बाईंनी मनाईच केली." मी म्हटलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?" त्या म्हणाल्या, "काय माहीत असायचंय? मला फक्त एवढंच माहीत आहे, की जो माणूस स्वतःच्या घराचं कुलूप तीनदा ओढतो, त्यानं केलेल्या कुलपावर मी का भरवसा ठेवू?" आणि डोळे मिटून घेतले.

ऑपरेशन छान झालं. हॉस्पिटलभर बोभाटा झाला. काल दुपारी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता टेबलं वेगळी करायची परवानगी देतील. साहेब म्हणाले, "मेट्रनबाईंची पद्धत उत्तम आहे. आजपासून प्रत्येक पलंगाला लाल कागद. आणि कागद लावला की नाही हे कॉम्प्युटरमध्ये दिसलं पाहिजे. होय किंवा नाही. आजच्या आज!" म्हणजे कॉम्प्युटर चुकतो म्हणून कागद, आणि कागदावर नजर ठेवायला कॉम्प्युटर! पण मी म्हटलं, करतो. खण लागणार एक. कुठला? एफ-आठ. आता मी काय तोच मूर्ख राहिलो होतो? मी नुसत्या रुग्णांच्या ओळी नाही बघितल्या. कर्मचारी बघितले, नातेवाईक बघितले, सगळ्या ओळी, वरपासून खालपर्यंत. एफ-आठ सगळीकडे रिकामा. दुभाष्याची यादी तपासली, अकराशेच्या अकराशे ओळी. एफ-आठचं नाव कुठेही नाही. आखूडरावांना फोन केला. "एफ-आठ?" "माझा नाही." तीनदा ओढून बघितलं कुलूप! मग घेतला. आणि चालतंय का बघायला रुग्णाची ओळ कशाला बिघडवा, म्हणून माझीच ओळ उघडली आणि लिहिलं, होय. दिसलं. छान दिसलं. घरी गेलो.

आणि आज सकाळी, टूँऽऽ!

अर्धा तास मी या वॉचमनशी हुज्जत घातली. मी म्हटलं, "अरे, तुझ्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते तरी वाच!" त्यानं वाचलं. "पास रद्द. होय." मी म्हटलं, "कोणी केला रद्द? नाव येतं तिथे, वाच!" त्यानं ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. "काका, तुम्हीच."

गेटचं हे यंत्र गेल्या महिन्यात बसवलं. बाहेरचा कंत्राटदार, आमच्या दुभाष्याला न विचारता सरळ खालच्या टेबलात हात घालणारा! मी इथूनच, या बाकावरूनच त्याला फोन लावला. म्हटलं, "एफ-आठमध्ये तुम्ही पास रद्द ठेवलाय?" म्हणाला, "हो साहेब, अजून कोणाचा रद्द झालेला नाही म्हणून रिकामाच आहे." मी म्हटलं, "अरे पण कोणाला विचारून घेतलास?" आणि काय म्हणाला असेल? सांगा ना! माझंच वाक्य, अक्षर न् अक्षर! "रिकामा दिसला साहेब, म्हणून घेऊन टाकला."

मी वर कोणाला फोन करणार? ती ओळ दुरुस्त करणारा माणूस या हॉस्पिटलात एकच आहे आणि तो गेटाबाहेर आहे! म्हणून वॉचमनला म्हटलं, बरं, नातेवाईक म्हणून तरी सोड. तर म्हणतो, "तुमची ओळ आधीच आहे, तीत प्रकार कर्मचारी लिहिलाय. एक माणूस, एक ओळ." मीच राबवलेली घोषणा माझ्याच… थांबा, थांबा. सासूबाईंच्या वॉर्डातल्या मावशी खाली येतायत. गेटाकडे. हातात काहीतरी आहे. कागद आहे. लाल दिसतंय का हो तुम्हाला काही? म्हणजे बायकोनं खिडकीतून मला बघितलं आणि सासूबाईंना सांगितलं तर! आता माझ्या नावानं काय लिहिलं असेल त्या बाईंनी… वॉचमन वाचतोय. हसतोय. मी सांगतो तुम्हाला, कुठेतरी पाणी…

काय? जाऊ? आत? यंत्राला कार्ड न दाखवता? नुसत्या कागदावर? "अहो साहेब, असं लेखी आणायचं ना आधी! मेट्रनबाईंची सही आहे ही." परत साहेब झालो बघा. आण बघू तो कागद इकडे. काय लिहिलंय… दोनच ओळी. एकवीस वर्षांची नोकरी, अठरा वर्षांचा जावई, आणि या बाईंनी माझ्याबद्दल आजवर लिहिलेलं पहिलं सर्टिफिकेट, तेही गेटवरच्या माणसाच्या नावानं.

चष्मा देता का जरा तुमचा? मला नीट दिसत नाहीये… नाही, नाही, दिसतंय. बरोबरच वाचलं मी.

'जावई.

चालतो.'